हरणीचं चर्चापान

जुन्या जालन्यात कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत भागचंदजींचं दुकान होतं आणि दुकानावरच घर. खाली कापडाचे तागे उलगडल्याचा फडफडाट, रिक्षांचे भोंगे, हमालांच्या हाका; पण जिना चढून वर आलं की ते सगळं कुठल्या तरी दुसऱ्या गावातून आल्यासारखं वाटे. दुपारची जेवणं आटोपली, भांडी घासून झाली की भागचंदजींच्या पत्नी सुगनबाई खिडकीशी बसत. डोळे उघडे असत, हातात निवडायची मेथी असे, पण त्या तिथं नसत. भागचंदजी पाणी प्यायला वर आले की त्यांच्याकडे बघून म्हणत, "गेली." आणि स्वतःच माठातून पाणी घेऊन पुन्हा खाली जात.

सुगनबाई जात कुठं, तर काटखेड्याला. त्यांचे वडील मिश्रीलालजी यांचं तिथं किराणा दुकान होतं. कुणे एके काळी राजस्थानातून आलेलं ते गावातलं एकच मारवाडी घर. दुकानाच्या मागच्या दारातून उतरलं की बाभळी, मग दगड, मग नदीचं पाणी. घोट्याएवढंच, पण चैत्रातही न आटणारं. आता जालन्यात नळाला कधी आठवड्यानं पाणी येई, कधी पंधरा दिवसांनी, आणि ते आल्याची आरोळी गल्लीत उठली की सगळ्या घरांतून बादल्या धावत सुटत. बाकीचे दिवस सुगनबाईंच्या खिडकीखालून ते जुनं पाणी वाहत असे. वडील वारले, भाऊ औरंगाबादला गेले, घर विकलं गेलं. काटखेड्याला जायला काही कारणच उरलं नव्हतं.

दोन हजार सहा साली त्यांची मुलगी किरण इंजिनिअरिंगला पुण्याला गेली आणि तिचा कॉम्प्युटर घरी राहिला. दिवाळीत आली तेव्हा तिनं आईला त्याच्यापुढं बसवलं. इंग्रजी अक्षरं दाबली की पडद्यावर मराठी उमटे, याचंच सुगनबाईंना पहिले दोन दिवस नवल वाटत होतं. मग किरणनं मराठी विकिपीडिया उघडून दाखवला.

"हे सगळं लोकांनीच लिहिलेलं आहे मम्मी. कुणीही लिहू शकतं. तू पण."

"मी काय लिहू?"

"तुला माहीत आहे ते."

किरण पुण्याला परत गेल्यावर बरेच दिवस सुगनबाईंनी नुसतं वाचलं. ताऱ्यांवरचं, खाडीवरच्या पक्ष्यांवरचं, न पाहिलेल्या गावांवरचं. एका लेखातून दुसऱ्या लेखात जाता येई, दार लोटून पुढच्या खोलीत जावं तसं, आणि परत यायची वाट सापडली नाही तरी काही बिघडत नसे. एका दुपारी त्यांनी जालना जिल्ह्यातल्या नद्यांचं पान काढलं. त्यात त्यांची नदी नव्हती.

त्या खूप वेळ तशाच बसून राहिल्या. मग एक नवीन पान उघडून लिहिलं: "हरणी ही काटखेडा गावाजवळून वाहणारी एक लहान नदी आहे. तिचं पाणी उन्हाळ्यातही गार असतं." चुका तपासून बटण दाबलं आणि ते पान जगात गेलं. भागचंदजी वर आले तेव्हा सुगनबाई एकट्याच हसत होत्या.

दोन दिवसांनी बघतात तर हरणीच्या जागी कुणी तरी "वाकी" लिहिलेलं. सुगनबाईंनी ते पुसून पुन्हा हरणी केलं. संध्याकाळी परत वाकी. दुसऱ्या दिवशी हरणी, दुपारनंतर वाकी. आठवडाभर नदी अशी नावं बदलत राहिली. आपल्या दाराची पाटी रोज कुणी तरी बदलून जावं तसं सुगनबाईंना झालं. त्या माणसाचं नाव पानाच्या बदलांच्या इतिहासात दिसे: काकासाहेब. सुगनबाईंच्या डोळ्यांसमोर एक धिप्पाड, मिशाळ, खुर्चीत पसरून बसलेला माणूस उभा राहिला. त्या स्वयंपाक करताना मनातल्या मनात त्याच्याशी भांडू लागल्या.

मग एका सकाळी, नाव हरणी असतानाच, पानाला कुलूप लागलेलं दिसलं. विकिपीडियावर भांडणं मिटवायचं काम काही जुन्या लिहिणाऱ्यांकडे असे, त्यांना प्रचालक म्हणत. वसंता नावाच्या एका प्रचालकानं लिहिलं होतं: "दोघांनाही विनंती. एकमेकांचं पुसत बसण्यापेक्षा चर्चापानावर बोला. निर्णय झाला की कुलूप काढतो."

प्रत्येक लेखाच्या मागे असं एक चर्चापान असतं हे सुगनबाईंना माहीतच नव्हतं. पुढच्या खोलीत पाहुणे बसतात आणि खरं बोलणं मागच्या पडवीत चालतं, तसं. त्या पडवीत जाऊन त्यांनी लिहिलं, "नमस्कार. या नदीचं नाव हरणी आहे. माझा जन्म तिच्या काठी झाला. कृपया नाव बदलू नये. – सुगन"

संध्याकाळी उत्तर आलं होतं. "जन्म माझाबी तिच्याच काठी झाला. आमच्या किती पिढ्या वाकी म्हणून राह्यल्या. हरणी हे नाव इकडं कुणी ऐकलं न्हाई. तुम्ही बाई कुण्या गावच्या?"

"काटखेड्याच्या. आणि मला बाई म्हणू नका."

"बरं ताई. काटखेडा वर राह्यलं. आमचा मळा खाली, अंकुशनगरच्या अलीकडं. मी कारखान्यात फिटर होतो, आता घरीच असतो. पोरानं कॉम्प्युटर घेतला, तो दिवसभर रिकामाच पडून राहतो, म्हून मी बसतो."

धिप्पाड माणूस थोडा बारीक झाला. तरी सुगनबाईंनी नेटानं विचारलं, "वाकी कशावरून?"

दोन दिवस काहीच आलं नाही. चार वाजता वीज जाई आणि अर्धं लिहिलेलं सगळं पुसलं जाई. तिकडेही तसंच होत असणार. तिसऱ्या दिवशी उत्तर होतं, आणि लांबलचक होतं.

"आमच्या मळ्यापाशी ती सरळ जात न्हाई. अशी वळती की पार मागं फिरून बघती. आमची माय म्हणायची, माहेराकडं बघून राह्यली. त्या वळणात वाळू साठती, तिथं आम्ही लहानपणी टरबुजं लावायचो. रात्रीतून ती केवढी व्हायची! म्हून वाकी. आता तुम्ही सांगा, हरणी कशावरून?"

सुगनबाईंनी ते उत्तर तीनदा वाचलं. माहेराकडं बघून राह्यली. खाली दुकानात कुणी तरी मांजरपाट फाडत होतं, त्याचा लांब सरळ आवाज वर आला. मग त्यांनी लिहायला घेतलं.

"आमच्याकडे ती दगडांवरून उड्या मारत येते म्हणून हरणी. आणि हरणंही यायची. बापूजी मला खांद्यावर घेऊन मागच्या दारात उभे राहायचे, दिवे लागायच्या वेळेला. पलीकडच्या काठावर हरणं पाणी प्यायला उतरायची. बापूजी म्हणायचे, बोलू नको, हरणी ऐकते. नदी ऐकते की हरीण ऐकतं, मला कळायचं नाही."

असं सुरू झालं ते हिवाळाभर चाललं. भांडण कुठं संपलं आणि गप्पा कुठं सुरू झाल्या ते दोघांनाही सांगता आलं नसतं. ती एक नदी पडद्यावर खालून वर आणि वरून खाली वाहू लागली. तिच्यात शेवाळ होतं, खेकडे होते, एक बुडालेली बैलगाडी होती, नदीत पाय सोडून बसलेली एक नवरी होती. सुगनबाईंना दुपारी झोप लागे आणि स्वप्नात त्या वाळूत टरबुजं शोधत. जाग आल्यावर त्यांना आठवे, की टरबुजं तर काकासाहेबांची.

मधूनच वसंता डोकावून जाई. तो कुठं राहतो, किती वयाचा आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं. तो शांतपणे लिही, "हे सगळं छान आहे. पण दोन प्रश्न बाकी आहेत. वरची हरणी आणि खालची वाकी ही एकच नदी आहे का? आणि असेल तर कुठल्या नावाला आधार आहे?"

"मी डोळ्यांनी पाहिली आहे," सुगनबाईंनी थोडं रागानंच लिहिलं.

"ताई, तुम्ही पाहिली यात शंका नाही. पण वाचणाऱ्याला तपासता आलं पाहिजे. तो तुमच्या डोळ्यांत कसा बघणार?"

या वाक्यानं त्या दिवसभर बेचैन राहिल्या. काकासाहेबांना मात्र पहिला प्रश्न पटला. मधे एक पाझर तलाव झाला होता, बाहत्तरच्या दुष्काळी कामावर बांधलेला. वरचं पाणी त्यात शिरतं आणि खालचं निघतं, पण ते एकच की दुसऱ्या कुठल्या ओढ्याचं, हे त्यांनीही कधी बघितलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, "ताई, तुम्ही वरून या, मी खालून येतो. तलावावर भेटू."

सुगनबाईंनी भागचंदजींना विचारलं तेव्हा ते हिशेबातून मान वर करून बघत राहिले.

"कुणाला भेटायचं?"

"नदीचं ठरवायचं आहे."

"काय ठरवायचं? नदी आहे ना?"

"तिचं नाव."

भागचंदजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. "सोमवारी बाजार बंद असतो," ते म्हणाले. "मी पण येतो. काटखेडा बघून मलाही जमाना झाला. तुला आणायला आल्तो तेव्हा बघितलं होतं, तेव्हा कुठं नीट बघितलं!"

संक्रांतीनंतरचा सोमवार होता. भाड्याची जीप करून दोघं निघाले. तुरीची शेतं वाळून तपकिरी झाली होती, वर आभाळ धुतल्यासारखं निळं. तलावाच्या बांधावर जीप थांबली तेव्हा तिथं आधीच एक एम-एटी दुचाकी उभी होती, आणि तिच्याशेजारी एक किडकिडीत, पांढरी टोपी घातलेला माणूस रुमालानं चष्मा पुसत होता.

"काकासाहेब?" सुगनबाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा घातला आणि नीट बघितलं. "ताई तुम्ही? मला वाटलं कॉलेजची पोरगी असंल. भांडता लई जोरात."

"मला वाटलं तुम्ही पैलवान असाल."

भागचंदजी मोठ्यानं हसले आणि त्यांनी डब्यातले तिळाचे लाडू पुढं केले. त्यानंतर तिघं बांधाखाली उतरले. भिंतीच्या पायथ्याशी नदीचं पात्र कोरडं होतं, नुसते गोटे. काकासाहेब पुढं, सुगनबाई मागं, भागचंदजी धोतर सावरत सगळ्यांच्या शेवटी. थोडं खाली गेल्यावर वाळू ओलसर लागली. आणखी पुढं एका काळ्या खडकाच्या पोटातून पाणी पाझरत होतं, आवाज न करता, झोपेत कुणी श्वास घ्यावा तसं. तिथून त्याची बोटभर धार होत होती आणि धारेचा ओहोळ.

"वर मुरतं अन् हितं निघतं," काकासाहेब म्हणाले. "दुसरा ओढा कुठंच न्हाई. बघा चौफेर."

सुगनबाई खाली बसल्या आणि त्यांनी हात पाण्यात घातला. गार होतं. बोटांमधून वाळूचे कण सरकत गेले. आपण कुठं आहोत हे त्यांना क्षणभर कळेना. वर आहोत की खाली, लग्नाआधी की नंतर. पाण्यावर एक चतुर येऊन थांबला आणि गेला.

"एकच आहे," अखेर त्या म्हणाल्या.

पहिला प्रश्न सुटला. दुसऱ्यासाठी जीप काटखेड्याला गेली; काकासाहेब एम-एटीवरून मागोमाग आले. मिश्रीलालजींच्या दुकानाच्या जागी आता पिठाची गिरणी होती. पारावर माणसं बसली होती, त्यांना काकासाहेबांनीच विचारलं, "या मागच्या नदीला तुम्ही काय म्हणता?"

"नदीच म्हणतो."

"नाव काय तिचं?"

"नाव? नदी, बस. खालचे लोक वाकी म्हणत्यात म्हणं."

"हरणी न्हाई म्हणत?"

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. कुणी ऐकलेलं नव्हतं. सुगनबाई म्हणाल्या, "जुनं कुणी असेल तर विचारा." मग कुणी तरी गिरिजाबाईंकडं नेलं. गिरिजाबाई पूर्वी मिश्रीलालजींच्या दुकानात धान्य निवडायला येत. आता त्यांना डोळ्यांनी कमी दिसे. त्या उन्हात वाकळेवर बसल्या होत्या. सुगनबाईंनी जवळ बसून आपलं नाव सांगितलं, तशी म्हातारीनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून बघितला.

"शेठची सुगन! किती मोठी झाली गं."

"गिरिजामावशी, आपल्या नदीला हरणी म्हणायचे ना?"

गिरिजाबाईंचा चेहरा हळूहळू उजळला. "शेठ म्हणायचे! बाकी कोण म्हणतंय? तू रडायची लई, लहान असताना. तुझी माय गेली त्या साली. मंग शेठ तुला खांद्यावर टाकून मागं न्यायचे अन् सांगायचे, ती बघ हरणी आली, ती बघ हरणी निघाली. तू गप व्हायची. आम्ही दाणे निवडत ऐकायचो. हसू यायचं, अन् रडूबी यायचं."

"आणि हरणं? यायची ना पाण्यावर?"

"हरणं असतील बाई. मी न्हाई बघितली."

काकासाहेब दाराशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते वळून एम-एटीकडं गेले आणि उगाच प्लग काढून पुसत बसले. निघताना एवढंच म्हणाले, "ताई, घरी पोचल्यावर कळवा."

परतीच्या वाटेवर भागचंदजींनी विचारलं, "तुझी आई गेली तेव्हा तू केवढी होतीस?"

"आठवत नाही."

"इतक्या वर्षांत तू सांगितलं नाहीस."

"मला नदीच आठवायची," सुगनबाई म्हणाल्या.

त्यानंतर बरेच दिवस त्या कॉम्प्युटरपुढं बसल्या नाहीत. चर्चापानावर वसंतानं लिहिलं होतं की सरकारी नकाशात त्याला "वाकी नाला" असं छापलेलं सापडलं आहे. काटखेड्याला काय कळलं, असंही त्यानं विचारलं होतं. काकासाहेबांना सगळं ठाऊक होतं. एक ओळ लिहिली असती तर ते जिंकले असते. त्यांनी लिहिलं होतं, "नदी एकच आहे हे आम्ही बघून आलो. नावाचं सुगनताई सांगतील. त्यांना वेळ लागंल. थांबा."

ते वाचून सुगनबाई खिडकीशी जाऊन बसल्या. वडील गेले तेव्हा त्या जेवढं रडल्या नव्हत्या तेवढं त्या दुपारी रडल्या, पण त्यात दुःख किती आणि दुसरं काय किती हे त्यांचं त्यांनाही उमगलं नाही. एक माणूस, तरुण, बायको नुकतीच गेलेली, परक्या मुलखात. खांद्यावरच्या पोरीला रोज संध्याकाळी एक नदी दाखवतो आणि तिला नाव देतो. आणि ते नाव ती मुलगी साऱ्या जगाचं म्हणून जपते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, "हरणी हे नाव गावाचं नाही. काटखेड्यात कुणी ते म्हणत नाही. माझ्या वडिलांनी मला गप्प करण्यासाठी ते ठेवलं होतं. मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. नदीचं नाव वाकी आहे. काकासाहेबांचं बरोबर होतं."

वसंतानं कुलूप काढलं. "धन्यवाद ताई. काकासाहेब, आता तुम्ही नाव बदलू शकता."

काकासाहेबांचं उत्तर लगेच आलं. "मी न्हाई बदलणार. ताईंनीच बदलावं. अन् एक विनंती. हरणीबद्दल हितं जे लिहिलंय ते कुणी काढू नये. लेखात नसंल बसत, पण चर्चेत तर बसतं ना?"

"चर्चापानावरचं कुणी काढत नाही," वसंतानं लिहिलं. आणि खाली, त्याच्या नेहमीच्या कोरड्या रीतीला सोडून, "मीसुद्धा हे पान पुन्हा पुन्हा वाचतो."

सुगनबाईंनी हरणी पुसून वाकी लिहिलं. ज्या शब्दाशी आठवडाभर झगडल्या होत्या तो आता बोटांखाली आपला वाटला. लेख चारच ओळींचा झाला: वाकी नाला, काटखेडा, पाझर तलाव, अंकुशनगरच्या अलीकडचं वळण. त्यातली गार पाण्याची ओळ वसंतानं आधाराअभावी काढली, आणि सुगनबाईंनी ती काढू दिली. चर्चापान मात्र खाली खाली जाणाऱ्या पात्रासारखं लांबच लांब पसरलं होतं.

पुढं किरणचं लग्न झालं तेव्हा काकासाहेब मळ्यातली हुरड्याची कणसं घेऊन जालन्याला आले. भागचंदजींनी त्यांना आग्रह करून धोतरजोडी दिली. मांडवात लोक विचारत, हे कोण, तर सुगनबाई म्हणत, "आमच्या नदीकडचे."

दुपारी त्या अजूनही बसत, पण आता विकिपीडियाच्या चावडीवर. सगळ्यांनी मिळून बोलायच्या त्या पानाचं नावच चावडी होतं. तिथं कुणाचं ना कुणाचं बिनसलेलं असे. एकदा दोन मुलं एका झाडाच्या नावावरून हमरीतुमरीवर आली. एक कोकणातला, एक वऱ्हाडातला; दोघंही आपलंच खरं म्हणून पुसापुशी करत होते. वसंता तेव्हा कुठल्याशा परीक्षेत अडकला होता, तो गयावया करत म्हणाला, "सुगनताई, बघता का जरा?"

सुगनबाईंनी दोघांना एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला ते नाव पहिल्यांदा कुणी सांगितलं?"

मग कोकणातल्या मुलानं लिहायला सुरुवात केली, एक काकी होती, तिच्या परसात ते झाड होतं... वीज जायची वेळ झाली होती. पडदा काळा व्हायच्या आत वाचून घ्यावं म्हणून सुगनबाई चष्मा सारखा करून पुढं वाकल्या.